महाभारत: भाषांतर कोणत्या पाठावरचं, कादंबरी मुळापासून किती दूर, हे ताडून कसं पाहावं?

आरण्यक

आमच्या वाचनगटात महाभारत सलग वाचायचं ठरलं आहे. 'मृत्युंजय', 'राधेय', 'ययाति', उमा कुलकर्णींच्या अनुवादातलं भैरप्पांचं 'पर्व', शिवाय 'युगान्त' आणि 'व्यासपर्व' हे बहुतेकांचं वाचून झालं आहे. आता मुळाकडे जायचं आहे. संस्कृत मात्र सगळ्यांचं शाळेपुरतं.

हाताशी तीन संच आहेत: चिपळूणकर मंडळींचं जुनं मराठी भाषांतर, गीता प्रेसचे मूळ संहितेसह हिंदी अर्थ देणारे सहा खंड, आणि बिबेक देबरॉय यांचे इंग्रजी दहा खंड. द्यूताचा प्रसंग तिन्हींत काढून पाहिला तर अध्यायांचे आकडे जुळत नाहीत. देबरॉय यांच्याकडे द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाच दिसत नाही.

१) आकडे जुळवायची काही रीत आहे का?
२) कादंबरीतला एखादा प्रसंग व्यासांचा आहे की लेखकाचा, हे कमी संस्कृतावर कसं तपासायचं?
३) सुरुवात कुठून करावी? आदिपर्वाच्या पहिल्या दोन अध्यायांतच मंडळी थकतील अशी धास्ती आहे.

पाठभेद

कोणतंही भाषांतर हातात घेतलं की भाषा कशी आहे हे नंतर बघा, ते कोणत्या पाठावरून केलं आहे हे आधी शोधा. तुमचा सगळा घोळ तिथलाच आहे.

छापील महाभारताचे ठळक दोन पाठ धरा. एक नीलकंठी. नीलकंठ चतुर्धर हे गोदाकाठच्या कोपरगावचे, काशीत स्थायिक झालेले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी 'भारतभावदीप' ही टीका लिहिली आणि त्यासाठी वेगवेगळ्या प्रांतांतल्या पोथ्या जमवल्या. चांगलं वाटलं ते राखायचं, असा त्यांचा कल, त्यामुळे हा पाठ भरघोस आहे. मुंबईच्या जुन्या छापील आवृत्त्या यावरच्या.

दुसरा पाठ पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचा. कामाचा आरंभ १९१९ मध्ये झाला, १९२५ पासून वि. स. सुकथनकर प्रमुख संपादक होते, आदिपर्व १९३३ मध्ये पुरं झालं आणि अठरावं पर्व १९६६ मध्ये. एकूण १२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. काश्मीरच्या शारदा लिपीतल्या आणि केरळच्या मल्याळम लिपीतल्या पोथ्या एकमेकींपासून इतक्या दूर वाढल्या, तरी दोन्हींत एखादा श्लोक असेल तर तो जुना, हा त्यामागचा विचार. जो मजकूर थोड्याच पोथ्यांत मिळतो तो मुख्य पाठातून काढून पानाच्या तळाशी तारांकित क्रमांक देऊन छापला आहे. लांबलचक भाग पर्वाच्या शेवटी परिशिष्टात आहेत. म्हणजे काहीही फेकून दिलेलं नाही, जागा बदलली आहे. मुख्य पाठात जिथे संपादकांना शब्दाची खात्री नव्हती तिथे त्याखाली नागमोडी रेघ आहे. इतका प्रामाणिकपणा फार थोड्या संपादनांत दिसतो, आणि या कामाचं मोल मला त्या रेघेतच दिसतं.

यावरून पहिला नियम: १९३३ पूर्वीचं कोणतंही भाषांतर चिकित्सक पाठावरचं असूच शकत नाही. चिपळूणकर मंडळींचं त्याआधीचं. किसारी मोहन गांगुलींचं इंग्रजीही (१८८३–९६) आधीचं. नंतरच्या भाषांतरांबाबत प्रस्तावना वाचावी लागते. प्रस्तावनेत उल्लेख सापडला नाही तर भीष्मपर्व उघडा. भगवद्गीता पंचविसाव्या अध्यायात सुरू होत असेल तर नीलकंठी पाठ, तेविसाव्यात सुरू होत असेल तर भांडारकरांचा. अर्ध्या मिनिटाचं काम.

गीता प्रेसचा पाया नीलकंठीचा, पण दाक्षिणात्य पोथ्यांतले जादा श्लोकही मध्ये घेतले आहेत आणि तसं तिथेच छापलं आहे. तुमच्या तीन संचांत सगळ्यांत भरलेला पाठ तो.

आता आकडे. ठरावीक संख्या वजा करून चालत नाही, फरक पर्वागणिक आणि पर्वाच्या आतही बदलतो. गीतेला दोनचा फरक. द्रौपदीला सभेत ओढून आणल्यावरचा वस्त्राचा प्रसंग नीलकंठीत सभापर्व ६८, चिकित्सक पाठात ६१, म्हणजे सात. यक्षप्रश्न वनपर्वात ३१३ वरून २९७ वर येतात, सोळाचा फरक. पर्वाच्या शेवटाकडे अंतर वाढत जातं कारण गाळलेले अध्याय साठत जातात. पण आश्रमवासिक पर्वात उलटं: नीलकंठीत ३९ अध्याय, चिकित्सक पाठात ४७. तिथे मजकूर वाढलेला नाही, अध्याय तोडण्याच्या जागा वेगळ्या आहेत.

देबरॉय यांचं भाषांतर चिकित्सक पाठावरचं, त्यात अध्यायावर दोन आकडे असतात. पहिला आदिपर्वापासूनचा सलग, कंसातला त्या पर्वातला. संदर्भाला कंसातलाच वापरा. सलग आकडा काढायचा झाला तर चिकित्सक आवृत्तीची ही यादी जवळ ठेवा: आदि २२५, सभा ७२, आरण्यक (म्हणजेच वनपर्व) २९९, विराट ६७, उद्योग १९७, भीष्म ११७, द्रोण १७३, कर्ण ६९, शल्य ६४, सौप्तिक १८, स्त्री २७, शांती ३५३, अनुशासन १५४, आश्वमेधिक ९६, आश्रमवासिक ४७, मौसल ९, महाप्रस्थानिक ३, स्वर्गारोहण ५. बेरीज १९९५. सभा ६१ म्हणजे २२५ + ६१ = २८६(६१). गीतेची सुरुवात ८८३(२३).

गटाच्या वहीत प्रत्येक नोंद "भां. २.६१" किंवा "नी. २.६८" अशी करा: आधी पाठ (भांडारकर की नीलकंठी), मग पर्व, अध्याय आणि हवा तर श्लोक. नुसतं "सभापर्व, अध्याय ६८" लिहिलं तर महिन्याभराने कुणालाच कळणार नाही की पाठ कुठला.

आरण्यक

गीतेची कसोटी तिन्हींवर लावली, बरोबर उतरली. आता धाव्याचं सांगा. चिकित्सक पाठात धावा नाही म्हणजे कृष्णाचा त्या प्रसंगाशी संबंधच नाही असं समजायचं का? गटात यावरून जोरात वाद चालू आहे.

पाठभेद

इथे घाई करू नका. भां. २.६१ मध्ये वस्त्र ओढलं जातं तेव्हा एवढंच आहे:

"आकृष्यमाणे वसने द्रौपद्यास्तु विशां पते। तद्रूपमपरं वस्त्रं प्रादुरासीदनेकशः॥"

तशीच दुसरी वस्त्रं पुन्हा पुन्हा प्रकट झाली. कुणी दिली, कशी आली, हे सांगितलेलं नाही. "गोविंद द्वारकावासिन्" हा धावा तळटीपांत गेला आहे, कारण पोथ्यांची साक्ष त्याच्या बाजूने पुरेशी नाही.

पण मग उद्योगपर्व उघडा, भां. ५.५८.२१. संजय कृष्णाचा निरोप सांगतो आहे आणि कृष्णाचे शब्द असे:

"ऋणमेतत्प्रवृद्धं मे हृदयान्नापसर्पति। यद्गोविन्देति चुक्रोश कृष्णा मां दूरवासिनम्॥"

मी दूर असताना कृष्णेने 'गोविंदा' म्हणून मला हाक मारली, ते ऋण वाढत चाललं आहे, मनातून जात नाही. हा श्लोक चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात आहे. म्हणजे सभापर्वात हाक नाही, पण हाकेची आठवण उद्योगपर्वात आहे. संपादकांनी प्रत्येक जागी पोथ्या काय सांगतात ते मांडलं, कथेचे दुवे जुळवून देणं त्यांनी आपलं काम मानलं नाही. तुमच्या वादातल्या दोन्ही बाजूंनी हे दोन श्लोक शेजारीशेजारी ठेवून बोलावं.

या श्लोकात 'कृष्णा' म्हणजे द्रौपदी. मराठीत 'कृष्णा' हे कृष्णाचं संबोधन होतं, त्यामुळे जुन्या भाषांतरांत वाचक इथे हमखास अडखळतो. मोठ्याने वाचताना द्रौपदी म्हणा आणि पुढे चला.

वसुषेण

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. कादंबरी तपासताना "हे खरं का खोटं" असं विचारलं की चर्चा तिथेच थांबते. लेखकाने काय केलं ते पाहा: रिकामी जागा भरली, दुसऱ्या परंपरेतून आणलं, की मुळात असलेलं गाळलं? तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत कमी तपासली जाते, कारण नसलेलं डोळ्याला दिसत नाही.

कर्णावरच्या कादंबऱ्या तुमच्या गटात आहेत म्हणून त्याच घेतो.

भरलेली जागा: कर्णाच्या पत्नीला व्यास 'वृषाली' हे नाव देत नाहीत. स्त्रीपर्वाच्या २१ व्या अध्यायात ती रणांगणावर आक्रोश करते, तिथे ती वृषसेनाची आई म्हणून येते. नाव, स्वभाव, संवाद हे कादंबरीकाराचं. कादंबरीचा तो हक्कच आहे.

दुसऱ्या परंपरेतून आलेलं: स्वयंवरात द्रौपदी "मी सूताला वरणार नाही" म्हणते, ते नीलकंठीत आहे, चिकित्सक पाठात तळटीपेत. म्हणजे लेखकाने ते मनाने रचलेलं नाही, पण सगळ्या पोथ्यांनाही ते मान्य नाही. कर्णाच्या अपमानाची सगळी इमारत ज्या कादंबरीत या एका वाक्यावर उभी असते, ती वाचताना हे माहीत असलेलं बरं.

गाळलेलं: याकरता चार जागा स्वतः वाचा. कुठलीही कर्णकथा समोर ठेवून, या चारही जागी लेखक काय करतो ते बघा.

भां. २.६१: द्रौपदीला 'बंधकी' (कुलटा) म्हणणारा कर्ण आहे, आणि पांडवांची व द्रौपदीची वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला सांगणाराही कर्णच. बहुतेक कथनांत हा हुकूम दुर्योधनाच्या तोंडी जातो किंवा कर्ण गप्प बसलेला दाखवतात.

आरण्यक पर्वातली घोषयात्रा: गंधर्वांशी लढताना कर्णाचा रथ मोडतो आणि तो रणातून निघून जातो. दुर्योधन पकडला जातो, त्याला सोडवतात पांडव. हा प्रसंग ठेवला तर अजिंक्य कर्ण उभा राहत नाही, म्हणून तो एका वाक्यात उरकला जातो.

विराटपर्वातलं गोग्रहण: एकटा अर्जुन सगळ्यांना हरवतो, त्यात कर्णही.

आणि भां. ५.१३९: कृष्णाने जन्मरहस्य सांगितल्यावर कर्ण उत्तर देतो. मी ज्येष्ठ आहे हे कळलं तर युधिष्ठिर राज्य घेणार नाही, म्हणून त्याला सांगू नकोस, असं तो म्हणतो. पुढे पांडवांना बोललेल्या कटू शब्दांचा पश्चात्तापही स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवतो (५.१३९.४५). सभेतला हुकूम गाळला की हा पश्चात्ताप निराधार होतो, मग तोही गाळावा लागतो किंवा त्याचं कारण बदलावं लागतं. व्यासांचा कर्ण जितका मोठा आहे तितका या दोन्ही जागा एकत्र वाचल्यावरच दिसतो, हे माझं ठाम मत आहे.

दुर्योधन मयसभेत पाण्यात पडतो तो प्रसंगही असाच काढा. भां. २.४३ मध्ये हसणारे भीम, अर्जुन आणि जुळे भाऊ आहेत. द्रौपदी तिथे नाही. नंतर दुर्योधन बापाला तक्रार सांगतो (२.४६) तेव्हा त्यात ती स्त्रियांसह हसली असं येतं. निवेदक काय सांगतो आणि पात्र काय सांगतं यातला हा फरक व्यासांनी ठेवलेला आहे. "आंधळ्याचा मुलगा आंधळा" हे द्रौपदीचं वाक्य दोन्ही ठिकाणी नाही.

जुनी_पोथी

वसुषेण यांच्याशी सहमत, पण एक भर घालावीशी वाटते. मराठी माणसाच्या मनातलं महाभारत बऱ्याच अंशी संस्कृतातून आलेलंच नाही. ते श्रीधराच्या 'पांडवप्रतापा'तून (१७१२), मुक्तेश्वराच्या पर्वांतून, मोरोपंतांच्या आर्यांतून, कीर्तनातून आणि लोककथांतून आलं. कादंबरीकारांच्या कानांवरही हेच पडलेलं. त्यामुळे एखादा प्रसंग भांडारकर प्रतीत नाही, नीलकंठीतही नाही, म्हणून लगेच "कादंबरीकाराने रचला" असा शिक्का मारू नका. मधली पायरी तपासा.

दोन उदाहरणं. दुर्वास शिष्यांसह अवेळी येतो आणि कृष्ण थाळीतलं भाजीचं पान खाऊन सगळ्यांना तृप्त करतो, ही घराघरातली कथा. नीलकंठीत ती वनपर्वात २६२–२६३ वर आहे, चिकित्सक आवृत्तीत परिशिष्टात. जांभूळ आख्यान मात्र वेगळं: द्रौपदीच्या मनातल्या कर्णाची ती कथा दोन्ही संस्कृत पाठांत नाही, ती आपल्याकडच्या लोकपरंपरेची आहे. विठ्ठल उमपांनी ती रंगमंचावर उभी केली. पहिली 'उत्तरकालीन पण संस्कृत', दुसरी 'लोककथा'. वहीत दोघींना 'प्रक्षिप्त' (मागाहून घुसवलेलं) हा एकच शब्द लावला तर दोघींवरही अन्याय होतो.

अश्वमेधाच्या वेळच्या सुधन्वा, चंद्रहास अशा कथा शोधत असाल तर त्या व्यासांच्या आश्वमेधिक पर्वात मिळणार नाहीत, त्या जैमिनीच्या अश्वमेधातल्या. पुष्कळ वेळ वाचेल.

नाव आठवतंय पण जागा आठवत नाही, अशा वेळी सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा प्राचीन चरित्रकोश उघडा. मराठी आवृत्ती १९३२ ची, म्हणजे आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती पुरी होण्याआधीची. त्यातले संदर्भ चिपळूणकर किंवा गीता प्रेसमध्ये पाहायचे, देबरॉय यांच्याकडे त्या आकड्यावर काहीतरी भलतंच निघेल.

अनुष्टुभ्

कमी संस्कृतावर शोधायचं असेल तर चिकित्सक पाठाची संगणकीय फाइल वापरा. क्योतोचे मुनेओ तोकुनागा यांनी ती टंकित केली, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी सुधारली. ती जालावर मोफत आहे आणि देवनागरीतही मिळते. ओळीच्या सुरुवातीला आठ आकडे असतात: पहिले दोन पर्वाचे, पुढचे तीन अध्यायाचे, शेवटचे तीन श्लोकाचे, मग चरणाचं अक्षर. वरचा कृष्णाच्या ऋणाचा श्लोक ०५०५८०२१ वर सापडेल.

शोधताना फसगत होते ती संधीमुळे. 'गोविन्द इति' टाकलंत तर काही मिळणार नाही, मजकुरात 'गोविन्देति' आहे. म्हणून शब्दाचा शेवट सोडून मधला न बदलणारा भाग टाका: 'गोविन्द', 'द्रौपद', 'बन्धक'. अनुस्वाराचंही तसंच. आपण 'बंधकी' लिहितो, फाइलमध्ये 'बन्धकी' असतं. काही मिळालं नाही तर दोन्ही लेखनं करून पाहा, मगच "मुळात नाही" म्हणा. शिवाय या पाठात तारांकित श्लोक नसतील तर शोध फक्त मुख्य पाठापुरता झाला, हेही नोंदवा.

नावांचा दुसरा सापळा. अर्जुन शोधताना पार्थ, फाल्गुन, धनंजय, सव्यसाची, बीभत्सु, किरीटी ही नावंही टाकावी लागतात. 'भारत' हे संबोधन दिसलं की ऐकणारा कोण ते आधी ठरवा. वैशंपायन बोलत असेल तर जनमेजय, भीष्म ते शल्य या युद्धपर्वांत संजय बोलत असेल तर धृतराष्ट्र. युद्धाचं वर्णन आंधळ्या बापाला, त्याच्याच मुलांच्या मरणाचं, हे डोक्यात ठेवून वाचलं की त्या चार पर्वांतली पुनरुक्तीही वेगळी ऐकू येते.

इंग्रजीत चिकित्सक पाठावरचं आणखी एक पाहायचं असेल तर व्हॅन ब्यूटेनन यांचं शिकागोचं भाषांतर (१९७३–७८). टीपा आणि प्रस्तावना उत्तम. ते १९७९ मध्ये वारले आणि पाच पर्वांवर काम थांबलं. पुढे फिट्झजेराल्ड यांनी स्त्रीपर्व आणि शांतिपर्वाचा पहिला भाग केला (२००४), मधली युद्धपर्वं त्या संचात नाहीत. क्षत्रियांना 'बॅरन' म्हणणं मात्र शेवटपर्यंत खटकतं, युरोपातली सरंजामशाही उगाच हस्तिनापुरात येते. क्ले ग्रंथमालेचे छोटे खंड दिसले तर ते नीलकंठीवरचे आहेत आणि अपुरे आहेत, आकडे त्याप्रमाणे घ्या.

पाठभेद

तिसरा प्रश्न राहिला. आदिपर्वाचे पहिले दोन अध्याय म्हणजे अनुक्रमणी आणि पर्वसंग्रह, सूचीच ती. तिथून सुरू करू नका. भां. १.५४ वर उघडा: सर्पसत्रात व्यास येतात, जनमेजय विचारतो आणि व्यासांच्या आज्ञेवरून वैशंपायन सांगू लागतो. १.५५ मध्ये सबंध कथेचा सारांश आहे, तो सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचा, पुढे कोण कुणाचं हे शोधत बसावं लागत नाही. उत्तंक आणि आस्तीकाच्या कथा मागाहून घ्या, त्या सुंदर आहेत, पण वाट अडवतात.

शांती आणि अनुशासन मिळून ५०७ अध्याय, एकूण अध्यायांचा चौथा हिस्सा. पहिल्या फेरीत ते बाजूला ठेवा. पण सौप्तिक, स्त्री, मौसल, महाप्रस्थानिक, स्वर्गारोहण यांतलं एकही गाळू नका. पाचही मिळून ६२ अध्याय होतात. कादंबऱ्या बहुधा युद्धाशी संपतात, त्यामुळे तुमच्या गटाने यातलं सगळ्यांत कमी वाचलेलं असेल.

दर बैठकीला एकाने देबरॉय, एकाने चिपळूणकर उघडून बसावं आणि तिसऱ्याकडे मूळ श्लोक असावेत. दोन भाषांतरं जिथे वेगळी बोलतील तिथे आधी पाठ वेगळा आहे का ते बघा. पाठ एकच निघाला, तरच भाषांतरकाराच्या अर्थावर चर्चा करा.